उभ्यानं जेवण

ताई,

ओटीपोटाखालचं दुखणं थांबावं म्हणून तू सांगितलेला आवळायचा व्यायाम मी इमानेइतबारे केला, अगदी बँकेच्या काउंटरवर बसल्याबसल्यासुद्धा. दुखणं वाढतच गेलं. आज फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "अहो, तिथले स्नायू ढिले नाहीत, आवळून बसलेत. श्वास घेताना सैल सोडायला शिका." सैल कसं सोडायचं, तेच मला कळेना.

तुझा राग नाही गं. पण परवा तू आमच्याकडे उभ्यानंच जेवलीस. "बसून बसून कंटाळा आला," म्हणालीस आणि भाऊजींकडे बघून हसलीस. दुखण्यानं बसवत नाही तेव्हा मीही लोकांना हेच सांगते, म्हणून तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. हे पत्र पाठवलं तर तुझ्याआधी भाऊजीच वाचतील.

म्हणून हे न पाठवता रविवारी मीच येते. तुझ्याशेजारी उभ्यानंच जेवेन. मग तरी बोलशील ना?

तुझी,
धाकटी