पालखीच्या खांद्यासाठी सपाट बूट
मंगळवार, १३ जानेवारी

बुटांचं आज ठरवायलाच हवं. गेल्या शिमग्याला गावात ग्रामदेवीची पालखी नाचवताना गुडघा लटपटला आणि खांदा दुसऱ्याला द्यावा लागला. यंदा द्यायचा नाही. जिम लावली ती त्यासाठीच.

आज तिथल्या मारुतीच्या तसबिरीपुढे बूट काढून हात जोडले आणि विसरून तसाच अनवाणी बैठकांना उभा राहिलो. खांद्यावर वजन, पण पाय घट्ट. करंगळी मोकळी. शिकवणारा नीलेश म्हणाला, "काका, देवळात आलात काय? लोखंड पायावर पडलं तर?"

बूट घातले. पुन्हा टाच वर, करंगळी आवळलेली, तोल पुढे. म्हणजे इतके दिवस गुडघ्याला उगाच बोल लावला का?

नीलेशने मोबाईलवर दुसरे बूट दाखवले. टाच आणि चवडा एका पातळीत, बोटांकडे रुंद. "पळताना मात्र सुरुवातीला कमीच पळा, पोटऱ्या भरतील." ठीक. रोजच्यासारखं भाट्याच्या पुलापर्यंत न पळता अलीकडूनच वळेन.

घरी हिने चित्र पाहिलं. "बदकाचे पाय ते, बूट कसले?"

"माझे पाय तरी कुठे वेगळे आहेत?" शाळेत अनवाणी गेलेला पाय, पसरणारच. करंगळीला जागा हवीच.

"पण पालखी तर अनवाणीच नाचवायची. मग बूट हवेत कशाला?"

आता वाटतं, देवीखाली जसा पाय टेकणार, तसाच तो रोज टेकायला हवा. उंच टाचेची सवय नको.

बूट मागवले. येईपर्यंत अंगणात अनवाणी बैठका मारीन. उद्या पहाटे, पूजेआधी.