चार फूट आत घेतलेला गडगा

सर, परवा तुमच्या घराचं माप घेतलं. घर बंदच असतं आता. तुमचा मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "ताई, तुम्ही बाबांच्या हाताखाली तयार झालात, परकं कोणी नको. आपला प्लॉट आणि शेजारच्या काकूंचा, दोन्ही मिळून काय उभं राहतं तेवढं बघून द्या." काकूंच्या दोन्ही मुलांचा होकार डोंबिवलीहून आधीच आलेला आहे. बिल्डर तयार आहे. माझ्या अहवालापाशी तेवढं अडलंय. प्लॉट वेगवेगळे घेतले तर काही होत नाही, कारण नियमाप्रमाणे चारी बाजूंना जागा सोडली की मध्ये नुसती पट्टी उरते. पण मधल्या कुंपणाचा चिऱ्यांचा गडगा काढून दोन्ही एक केले तर चार मजले होतात, सोळा सदनिका, खाली गाड्या. कागदावर बसतं, सर. अट एकच राहते, पुढची गल्ली सहा मीटर रुंद हवी.

तुमच्याकडे कामाला लागले त्याच्या दुसऱ्याच महिन्यात तुम्ही मला देवरूखला एक प्लॉट मोजायला पाठवलं होतं. उन्हातान्हात मोजून, एसटीत उभ्याने परत येऊन मी आकडे तुमच्या टेबलावर ठेवले. तुम्ही आकडे बघितलेच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून विचारलंत, "टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?" मी म्हटलं, खिळ्याला अडकवलं होतं. "खिळा उद्या साक्षीला येणार आहे काय? टोक शेजाऱ्याच्या हातात द्यायचं, त्याच्या डोळ्यांदेखत मोजायचं. उद्या परत जा." मी परत गेले, आणि जाताना रस्ताभर तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या. दोन इंच फिरवून आकडा गोल केला म्हणून तुम्ही आख्खा नकाशा माझ्यासमोर फाडलात, तेही विसरलेले नाही. माझ्या लग्नात सगळ्यांनी स्टीलची भांडी दिली आणि तुम्ही कातडी डबीतली तुमची कापडी टेप दिलीत. सासूबाईंना वाटलं, शिंप्याची आहे.

तेव्हापासून तीस वर्षं शेजाऱ्याला बोलावल्याशिवाय मी माप घेतलेलं नाही. म्हणून परवाही काकूंना हाक मारली. ऐंशी उलटली, पण चालतात ताठ. पदर खोचून गल्लीत आल्या आणि टेपचं टोक हातात घेण्याआधीच म्हणाल्या, "काय गो, बसतंय काय ह्यात?" मी म्हटलं, बघू या. त्या जवळ सरकल्या. "नाय बसलं तर बरं होईल गो. पोरांना नाय म्हणायचं माझ्याच्याने होत नाय. फोन आला की मी आपली हो हो करते. तुझ्या कागदावर नाय आलं, म्हणजे मला नाय म्हणायला नको." सगळं आयुष्य ज्या अंगणात गेलं ते राहावं एवढंच मागत होत्या, आणि तेही माझ्याकडे, कारण मी तुमची.

आणि ही गल्ली रुंद कोणी केली, सर? मला पक्कं आठवतंय. शेजारच्या काकांना पहिला झटका आला तेव्हा रुग्णवाहिका नाक्यावर अडली, कारण गल्लीत वळायला जागा नव्हती ती तुमच्याच पुढच्या गडग्यापाशी. काकांना खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागलं. खुर्चीचा एक पाय तुम्ही धरला होता. महिन्याभरात तुम्ही गडगा पाडला, चार फूट आत घेऊन पुन्हा रचला आणि सोडलेली जागा नगरपरिषदेला रीतसर लिहूनही दिलीत. त्याचा नकाशा मीच काढलाय. तुम्ही मागे उभे राहून म्हणत होतात, "रेघ ठळक काढ, पुढे कोणी वाद घालायला नको." दुसऱ्या खेपेला गाडी थेट काकूंच्या दारात आली, काका वाचले, आणखी सहा वर्षं जगले. आज ते चार फूट तुमच्या आवारात असते तर गल्ली पाच मीटरही भरली नसती आणि मी एका ओळीत 'शक्य नाही' लिहून मोकळी झाले असते. मला तुमचा राग आला, सर. गल्लीत उभी राहून मेलेल्या माणसावर चिडत होते, आणि काकू समोरून विचारत होत्या, "किती आलं गो?"

लेझरच्या यंत्रावर सहा मीटर पाच सेंटीमीटर आले. तीनदा घेतलं, तीनदा तेच. मग पिशवीतून तुमची टेप काढली. एकोणीस फूट दहा इंच, म्हणजे तेच. दोन इंच कमी भरलं असतं तरी काकूंचं काम झालं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. जुनी कापडी टेप ताणली की लांबते आणि माप कमी दाखवते, हे तुम्हीच शिकवलेलं, तसं करू नये म्हणून. मी म्हटलं, "काकू, घट्ट धरा." त्या म्हणाल्या, "धरलंय, तू ओढ. तुझे सर ओरडत ना, झोळ नको म्हणून." मी ओढली. आणखी ओढली. अकरा फुटांच्या खुणेपाशी फीत तुटली आणि काकूंचा तोल जाऊन हात गडग्यावर टेकला. हातातल्या तुकड्याकडे बघत त्या म्हणाल्या, "तुटली काय? म्हणजे नाय ना बसत?"

मी खाली बघत उरलेली फीत डबीत गुंडाळत राहिले. त्यांना तो होकार वाटला. आत जाऊन कोकम सरबत घेऊन आल्या, आणि मी ते प्यायले.

अहवाल तयार आहे. त्यात सहा मीटर पाच सेंटीमीटर लिहिलंय आणि खाली 'शक्य आहे' असं लिहून सही केलीय. खोटा आकडा लिहायला हात धजला नाही, ती तुमचीच शिकवण. सोमवारी पाठवीन. काकूंना त्यांची मुलं सांगतील, असं मनाला समजावते. हे पत्र मात्र पाठवणार तरी कुठे? तुमचा पत्ता म्हणजे तेच घर, आणि नकाशावर त्याच्याभोवती मी तुटक रेघ काढलीय, पाडायचं म्हणून.

ऑफिसात सगळ्यांनी टेपचं विचारलं. जुनी होती, तुटली, असं मी सांगितलं. जुनी होती म्हणून नाही तुटली, सर. खोटं माप यावं म्हणून मी ती ओढली.