दार कुठल्या बाजूने उघडतं

३ फेब्रुवारी

ताई,

कशी आहेस? जिजूंची पाठ थांबली का दुखायची? मी मजेत. घरी सगळे बरे आहेत. झालं, सभ्यपणाचं लिहून झालं.

फोन सोडून हिला पत्र कुठून सुचलं म्हणशील. अगं, फोनवर मी ‘बाबा’ म्हटलं की तुझ्याकडचं नेटवर्क जातं. दर वेळी. कागदाला ती सोय नाही. पण घाबरू नकोस, हे पत्र बाबांबद्दल नाहीच आहे. माझ्या कॉलेजबद्दल आहे.

नाटक शिकायला आले तेव्हा मला वाटलेलं, पहिल्याच दिवशी स्टेजवर उभं करतील, रड म्हणतील, आणि मी अशी रडेन की शिपाईसुद्धा रुमाल काढेल. पहिल्या दिवशी हातात झाडू दिला. ‘ज्याला स्टेज झाडता येत नाही त्याने त्यावर पडायचं पण नाही,’ इति मॅडम. मग दिव्यांच्या वायरी गुंडाळा. मग कुणाच्या तरी झब्ब्याची बटणं लावा. आता नेपथ्य. सगळा वर्ग हिरो व्हायला आलेला, आणि सगळा वर्ग खिळे वाकडे ठोकतोय. पहिल्या वर्षाला असंच असतं म्हणे, सगळ्यातलं थोडं थोडं. मला थोडं थोडं जमत नाही गं. वर्गात बसले की पाय हलतो, उभी राहिले की वाटतं खाली बसावं. खारू नाव तूच ठेवलंस, भोग आता.

नेपथ्याच्या मॅडमना आम्ही फूटपट्टी म्हणतो. त्या दारातून आत येतात त्यासुद्धा दाराची रुंदी बघत. परवा त्यांनी काम दिलं: आपण राहतो ते घर मोकळ्या हॉलच्या जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीने आखायचं. खऱ्या मापाचं, आठवून. मग बाकीच्यांनी त्या पट्ट्यांच्या आत वावरून दाखवायचं, एक अक्षर न बोलता. भिंत म्हणजे भिंत. पट्टीवर पाय पडला की फूटपट्टी म्हणते, ‘डोकं आपटलं.’

मी आपलं घर आखलं. बाहेरची खोली, खिडकी, ओटा, सगळं. गुडघे सोलवटले पण मजा आली. बाबांची खुर्ची हल्ली जिथे असते तिथेच ठेवली, खिडकीपाशी. तू गेल्यावर त्यांनी ती फिरवून घेतली, तुला माहीत नसेल. टीव्हीकडे पाठ. बातम्या ऐकतात, बघत नाहीत. आम्हाला वाटलं, डोळ्यांना त्रास होत असेल.

आमच्या वर्गातला लंबू बाबा झाला. बसला, जांभई दिली, मान खाजवली, हुबेहूब, मेल्याने कधी बघितलं नाहीये त्यांना. मग बाहेरून कुणीतरी दार उघडून आत आलं तर लंबूला दिसेना कोण ते. फूटपट्टी वाकून दार बघायला लागली. मी दाराची बिजागरी खिडकीच्या बाजूला काढलेली. म्हणजे दार आत उघडलं की फळी बरोबर खुर्चीच्या आणि येणाऱ्याच्या मधे.

‘टीव्हीकडे पाठ,’ ती म्हणाली, ‘आणि दारात कोण आलं ते फळीमुळे दिसत नाही. या माणसाला नक्की बघायचंय काय?’

सगळे हसले. मी पण हसले. मग ती म्हणाली की एकतर दार चुकलंय नाहीतर खुर्ची, घरी जाऊन बघून ये. आणि सत्राच्या शेवटच्या प्रयोगाला माझंच घर घेणार म्हणाली, कारण त्यात एक चूक आहे आणि ती तिला आवडली. आता मी लहानपणापासून ते दार बघतेय, चुकेन कशी?

शनिवारी घरी जाते. घरी तसं नवीन काही नाही. चपलांचा स्टँड हल्ली दाराला आपटतो, आई वैतागते. आणि जिना रंगवला, हिरवा, घाण दिसतो.

तुझीच,
खारू

२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं उत्तर मिळालं. ऑफिस, नवी जागा, शेजारणीचं मांजर, जिजूंची पाठ, सगळं लिहिलंस. हिरव्या जिन्यावर तर अर्धं पान. खुर्चीबद्दल एक अक्षर नाही. शाबास. आपल्या घराण्याला शोभलीस.

मी घरी गेले होते. दारच चुकलं होतं माझं.

मी सवयीने बेल वाजवते, आई उघडते, मी बॅग फेकते आणि थेट फ्रिज. त्यामुळे कळलंच नाही. या वेळी मुद्दाम उभी राहून बघितलं. ताई, बिजागरी खिडकीच्या बाजूला नाहीये. ती आता चपलांच्या बाजूला आहे. कडी इकडची तिकडे गेलीये. जुन्या स्क्रूच्या भोकांत पुट्टी भरून वर रंग लावलाय, बोट फिरवलं की लागतं. म्हणून तो स्टँड आपटतो. स्टँड जागच्या जागीच आहे, दारच फिरलंय.

आईला विचारलं. ती भाजी चिरत म्हणाली, सुतार बोलावला होता यांनी, तू होस्टेलला गेलीस त्यानंतर. वारा सरळ अंगावर येतो म्हणाले. मी म्हटलं, आई, वारा खिडकीतून येतो. ती म्हणाली, ‘मला माहितीये वारा कुठून येतो,’ आणि चिरत राहिली.

मग मी टेप काढली. बाबा खुर्चीतच होते. काय चाललंय म्हणाले. मी म्हटलं कॉलेजचं काम, खोली मापायचीये. एका माणसाला टेप धरायला जमत नाही, पुढचं टोक सुटतं. ते वाकले आणि टोक खुर्चीच्या पायाशी दाबून धरलं. मी भिंतीकडे निघाले तर म्हणाले, दारापर्यंत घे. घेतलं. त्यांनी आकडा विचारला नाही. मी त्यांच्या खुर्चीत बसून बघितलं. तिथून दार जरा किलकिलं झालं तरी येणाऱ्याचा आधी हात दिसतो, मग खांदा, मग तोंड. फळी मधे येतच नाही. टीव्ही दिसतच नाही. खिडकीतलं झाड दिसत नाही. त्या खुर्चीतून आपल्या घरातलं दुसरं काही दिसत नाही.

जिजूंशी लग्न करतेस म्हणालीस तेव्हा बाबा त्याच दारात उभे होते. म्हणाले, या दारातून पुन्हा आत यायचं नाही. आणि तू म्हणालीस, बरं. एवढंच. बाकी घरात लोक ताटं फेकतात, आपल्याकडे एका वाक्यावर काम भागलं. मी स्वयंपाकघरात होते. तुम्ही दोघं इतके शब्दाचे पक्के, की मधे मी आणि आई नुसत्या घड्याळाच्या लंबकासारख्या इकडून तिकडे.

मी टेप गुंडाळत होते तेव्हा बाबा म्हणाले, ‘तिला लिहीत असतेस ना?’

मी हो म्हटलं. तुझं नाव नाही घेतलं त्यांनी, पण मला दुसरी कोण ‘ती’ आहे.

‘हे लिहू नकोस. तिला वाटेल मी बोलावतोय.’

मग टीव्हीचा आवाज वाढवला. पाठ टीव्हीकडेच.

आता प्रयोगाचं ऐक. मी परत आले. डोक्यात नुसता भुंगा. कारण ताई, आता मला ते घर बरोबर मांडता येत होतं. बिजागरी बदलायची, बस. मग लंबू खुर्चीत बसला असता आणि काही केलं नसतं, नुसतं दाराकडे बघितलं असतं, आणि हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं असतं. दहा मिनिटं कुणी खोकलं नसतं. फूटपट्टीने मला डोक्यावर घेतलं असतं. मला असं काहीतरी कधीतरी करायचंय म्हणून तर मी झाडू मारतेय ना इथे. तालमीच्या आदल्या दिवशी मी तीनदा जाऊन पट्टीने नवं दार आखलं, तीनदा उपटलं. हॉलचा वॉचमन म्हणाला, पोरी, घर बांधतेस का पाडतेस?

शेवटी फूटपट्टीला जाऊन सांगितलं, मॅडम, दार बरोबर होतं. खुर्ची चुकली. आणि खुर्ची टीव्हीकडे फिरवली.

काल प्रयोग झाला. आईबाबा आले होते, तिसऱ्या रांगेत. भिंती पट्ट्यांच्याच, फक्त दार लाकडाचं उभं केलेलं; मी विंगेत, त्या दाराच्या मागे. माझ्याकडे दार उघडायचं-मिटायचं काम होतं, हीच माझी भूमिका. लंबू टीव्ही बघत बसला, बातम्यांना शिव्या घालायचा अभिनय केला, लोक खळखळून हसले. छान चाललं. अगदी छान. कुणाचंही घर असावं तसं. माझ्यातली जी नाटकवाली आहे ना, ती आत चरफडत होती. आता लिहितानाही चरफडतेय, खोटं कशाला बोलू. उठून खोलीत दोन फेऱ्या मारून आले.

पडदा पडल्यावर फूटपट्टी म्हणाली, ‘आधी चुकीचं होतं तेव्हाच बरं होतं.’ तिला काहीतरी वास आलाय. मी पट्ट्या उपटत बसले.

बाबा स्टेजवर आले. बाकीच्यांचे आईबाप फोटो काढत होते. हे सरळ खुर्चीपाशी गेले, तिचं तोंड कुठे आहे ते बघितलं. मग दारापाशी गेले. ते नुसतं लाकडी चौकटीवरचं खोटं दार, त्यांनी उघडून बघितलं, बिजागरीला बोट लावलं. मी पट्टीचा गोळा हातात घेऊन उभी. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ‘हे जुन्यासारखं केलंयस,’ म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, असा पटकन, चुकून लागल्यासारखा, आणि आईला म्हणाले चल, बस जाईल.

म्हणजे चारशे लोकांना नाही सांगितलं मी. तुला सांगितलं. लिहू नको म्हणाले होते, लिहिलं. तुला आता नेटवर्कचं कारण नाही, पत्र हातात आहे, फाड हवं तर.

आणि हे बघ, ते तुला बोलावत नाहीयेत. मी पण बोलावत नाहीये. मी पहिल्या वर्षाला आहे, मला अजून कुणाला स्टेजवर आणता येत नाही. मला फक्त दाराचं काम येतं, तेवढं सांगते. कडी आता उजव्या हाताला नाही, डाव्या हाताला आहे. जुन्या सवयीने ढकललंस तर हलणार नाही, आणि तुला वाटेल आतून लावलंय. लावलेलं नसतं. दिवसभर नुसतं लोटलेलं असतं. दुसऱ्या बाजूने ढकल. स्टँड आपटेल, आपटू दे.

दाराच्या मागची,
खारू