मधली पानं

९ एप्रिल

मावा नाही! गावभर भाजीवर काळा मावा चिकटलाय आणि माझ्या बागेत एक किडा औषधाला नाही. शेजारची मान्तोआ सकाळी येऊन पानं उलटीपालटी करून बघून गेली. "राख टाकतेस? मिरचीचं पाणी मारतेस?" म्हटलं, तुम्ही सगळ्या करता तेच करते. तिचा विश्वास बसला नाही. न बसो.

माझ्या मैत्रिणीची, मालिबूसेंगची बाग गारांनी झोडपली त्याला आज बारा दिवस झाले. दगडांचा गोल तेवढा उभा आहे, आत नुसता चिखल. आता पेरून काय उगवणार, इकडे दक्षिणेत मे म्हणजे हिवाळा, महिन्याभरात दंव पडेल. तोवर तिच्या घरची भाजी माझ्याकडून. हे मी ठरवून टाकलंय.

बाग करायला मला तिनेच शिकवलं. माझी लिनेओ गेली त्या वर्षी मी अंथरुणातून उठत नव्हते. सगळं गाव मला लिनेओची आई म्हणून 'मालिनेओ' हाक मारायचं आणि लिनेओ तर नव्हती. मालिबूसेंग दारात येऊन म्हणाली, "ऊठ. दगड वेचायचेत." सांत्वनाचा एक शब्द नाही. दोघींनी मिळून कमरेएवढा गोल रचला. मध्यापर्यंत जायला चिंचोळी वाट, वाटेच्या टोकाला काड्यांची उभी टोपली. घरातलं सांडपाणी, राख, सालं, सगळं त्या टोपलीत जातं, आणि तिथून चहूकडच्या मुळांना. "पाण्याचा थेंब जरी बाहेर फेकलास तर तुझं तोंड बघणार नाही," हा तिचा पहिला धडा. चौदा वर्षं झाली, अजून पाळते.

१२ एप्रिल

भाजी न्यायला केनेउओ आली होती. मालिबूसेंगची सून — नवरा पलीकडच्या देशात खाणीत, कडेवर दोन वर्षांचा खोत्सो. मला 'मे' म्हणते, आई. गोड पोर आहे, पण सासूसमोर मान वर करत नाही.

कडेची जून पानं आम्हा दोघांना ठेवली. टोपलीजवळची मधली, कोवळी, हाताएवढी पानं मालिबूसेंगला. "सासूबाईंना म्हणावं, अशी भाजी राजाच्या घरीसुद्धा शिजत नाही."

"मे, त्या म्हणतात तुमच्या हाताला गुण आहे."

"गुण कसला, तिच्याच शिव्या खाऊन शिकले."

ती हसली. खोत्सोने एक पान कच्चंच तोंडात घालायला घेतलं तर तिने चटकन काढून घेतलं. "हे आजीचं."

१७ एप्रिल

बुधवार. कपडे धुतले. हे गेला महिनाभर गावाच्या हौदावर कामाला आहेत — हिवाळ्याआधी सगळ्या मेंढ्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढायच्या, खरजेसाठी. संध्याकाळी येतात ते असा वास घेऊन की जेवण नको होतं. अंगातला डगला टबात घातला की पाणी दुधासारखं पांढरं. नाकाला झोंबतं. दोन टब टोपलीत ओतले, उरलेलं मगाने मधल्या पानांवर शिंपडलं. पाऊस नाही तर नाही, माझी भाजी कशी तरारली आहे!

२४ एप्रिल

मालिबूसेंगकडे चहाला गेले. कप बशीवर खडखडत होता. एवढ्या थंडीत कपाळावर घाम. "म्हातारी झाले," म्हणाली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे! म्हटलं, रक्त कमी झालंय तुझं. पालेभाजी वाढव. उद्यापासून दुप्पट पाठवते.

३० एप्रिल

बरं नाही तिचं. दोनदा उलटी. तोंडातून लाळ गळते आणि तिला कळत नाही, मी घोंगडीच्या टोकाने पुसली. डोळ्यांपुढे धुकं येतं म्हणते. मक्याच्या पिठाची घट्ट शिजवलेली पापा गिळवत नाही, भाजी मात्र चाटून पुसून खाते. "तुझी आहे म्हणून उतरते घशाखाली," म्हणाली.

मला लिनेओचे शेवटचे दिवस आठवतात. नको. ह्या खेपेला मी कुणाला जाऊ देणार नाही.

१ मे

आजही कपडे धुतले. पाणी टोपलीत.

४ मे

दवाखान्यात नेलं. मी, केनेउओ आणि ती. नर्सने डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, हात धरून बघितला, आणि विचारलं, "भाजीवर कुठलं औषध मारता?"

मालिबूसेंगला एवढ्या दुखण्यातही ऐट. "माझी भाजी हिच्या बागेतली आहे बाई. हिच्याकडे किडासुद्धा फिरकत नाही, औषध कशाला मारेल?" बाकावरच्या बायका हसल्या. मीही हसले.

नर्स हसली नाही. "कुठून तरी पोटात विष जातंय. घरात काय काय आहे ते बघा."

परतताना गाडीत मालिबूसेंगने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. दुसऱ्या वळणाला माझ्या डोळ्यांपुढे कपड्यांचा टब आला. पांढरं पाणी दिसलं.

५ मे

सगळा वाफा उपटला. मुळासकट. मागच्या ओघळीत खड्डा करून पुरला, वर दगड ठेवले.

हे दारात उभे. "काय झालं?"

"कीड लागली."

"तुझ्या भाजीला?"

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, ते हौदातलं औषध माणसाला बाधतं का? हात धूत म्हणाले, "पिंपावर कवटीचं चित्र आहे. हातमोजे घाला म्हणून सांगतात, पण घालतं कोण." आणि जेवायला बसले.

आम्ही दोघं धडधाकट. कडेची पानं खाल्ली ना आम्ही. चांगली चांगली मैत्रिणीला दिली.

उद्या सांगेन तिला.

६ मे

नाही सांगितलं. ती झोपली होती.

७ मे

जागी होती. नाही सांगितलं.

९ मे

नर्सचं बोलणं गावात पोचलं. कुणी पोचवलं ते विचारायला नको, मान्तोआ बाकावर होतीच. आज मालिबूसेंगच्या अंगणात बैठक बसली. तिचा भाऊ खुर्चीवर, पुरुष एका बाजूला, आम्ही बायका भिंतीशी. मालिबूसेंगला घोंगडीत गुंडाळून उन्हात बसवलं होतं. केनेउओ मध्ये, जमिनीवर, डोक्याला फडकं, नजर खाली.

भावाने विचारलं, "घरात भाजी कोण शिजवतं?"

"मी."

"तू खातेस ती भाजी?"

"नाही."

"पोराला घालतेस?"

"नाही."

"का?"

"सासूबाईंना पुरावी म्हणून. चांगलं असेल ते त्यांना आधी. आम्ही पापा आणि आंबट दूध खातो."

मग मान्तोआ हळूच म्हणाली, "बघा, स्वतः नाही खात." तेवढंच. तेवढ्याने झालं.

सुनेने सासूचा मान ठेवला, आणि तोच मान तिच्या गळ्याशी आला. मला उभं राहायचं होतं. खरंच सांगते, गुडघ्यावर हात ठेवलाही होता. पण मग मालिबूसेंगकडे बघितलं — तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही. ह्या गावात मला दुसरं आहे कोण? हे रात्रीपुरते घरी. मी घोंगडीच्या दशा मोजत बसले. सदतीस भरल्या.

११ मे

केनेउओला माहेरी पाठवलं. एक गाठोडं. खोत्सोला ठेवून घेतलं. मालिबूसेंगच्या भावाने ठणकावून सांगितलं, "लग्नात हिच्या बापाला गुरं दिलीत आम्ही. ज्यांची गुरं, पोर त्यांचं असतं." कुणी वाद घातला नाही, घालायला जागाच नाही त्यात.

माझ्या फाटकाशी थांबली. डोळे सुजलेले, पण आवाज नेहमीसारखाच खालचा. "मे मालिनेओ, तुमचं सगळे ऐकतात. एकदा सांगा ना त्यांना, मी काही केलं नाही."

"बघते," म्हटलं.

"देव तुमचं भलं करो."

ती वळणापलीकडे जाईपर्यंत मी फाटक धरून उभी होते. थुंकावं माझ्या तोंडावर कुणीतरी.

१९ मे

मालिबूसेंगचा हात थरथरायचा थांबला. आज स्वतः उठून चूल पेटवली. गावात एकच बोलणं — सून गेली आणि सासू उठली! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, पण हे सांगणार कोण? ज्या एकीला माहीत आहे ती चहा पीत बसली होती.

तिकडे केनेउओच्या गावात पाण्याच्या नळावर तिला कुणी रांगेत उभं राहू देत नाही म्हणे. "विष कालवणारी." मान्तोआने ही बातमी साखरेसारखी वाटली. केनेउओच्या नवऱ्यालाही निरोप गेलाय खाणीवर. तो म्हणाला, आई म्हणेल तसं.

२२ मे

ह्यांचं हौदावरचं काम संपलं. डगला जाळला मी. चांगला होता, म्हणून ओरडले. ओरडू देत.

२६ मे

पहिलं दंव. डोंगर सकाळी पांढरे. खोत्सो रोज रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहतो आणि प्रत्येक गाडी थांबली की पुढे होतो. उतरणाऱ्या बायका त्याच्या डोक्यावरून हात फिरवून जातात. मी आज खिडकी लावून घेतली.

२ जून

मालिबूसेंग माझ्याकडे आली, काठी न घेता. दगडांच्या गोलाला टेकून तासभर बसली. वाळलं गवत पसर म्हणाली, शेळीचं लेंडीखत आत्ताच घालून ठेव, टोपली बदल, काड्या कुजल्यात. पुढच्या हंगामात कांदा लाव, कांद्याने कीड पळते. सगळा सल्ला नेहमीसारखा. तिचा आवाज ऐकून मला रडूच यायला लागलं. ही वाचली. मी मारत होते आणि ही वाचली.

बाग पार उघडी पडली आहे, एक पान नाही. एरवी एक रोप मेलं तरी दहा प्रश्न विचारणारी बाई. आज काही विचारलं नाही. बरं झालं. माझ्या तोंडून काय निघालं असतं कोण जाणे.

३ जून

आज खोत्सोने मला विचारलं, "आई कुठल्या गाडीने येणार?" दोन वर्षांचं पोर, पण शब्द अगदी स्पष्ट.

बस झालं. मैत्री जाईल ती जाऊ दे. तुझं तोंड बघणार नाही म्हणेल, न बघो. तिला आधी सांगते, मग तिच्या भावाला, मग सगळ्या गावाला. केनेउओला मी स्वतः जाऊन घेऊन येईन. परवा त्याच्या घरी केनेउओबद्दल परत बैठक आहे, त्याआधी सांगायचं.

५ जून

सांगितलं. टब, पांढरं पाणी, मधली पानं — एका दमात.

मालिबूसेंग शेंगा सोलत होती. हात थांबले नाहीत. "तू वाफा उपटलास ना, त्याच दिवशी कळलं मला," म्हणाली. म्हणजे बैठकीच्या चार दिवस आधी. मी विचारलं, मग त्या पोरीचं काय?

"सून दुसरी येईल. ह्या वयात मैत्रीण कुठून आणू?"

खोत्सो तिच्या पाठीवर घोंगडीत बांधलेला, झोपलेला. "भाऊ बैठकीला न्यायला येतोय इतक्यात. आता हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही," ती म्हणाली, आणि शेंगांची पाटी माझ्याकडे सरकवली.

मी 'बरं' म्हटलं. सोलायला बसले.