डाव्या बाहीची गाठ

काशान, ५ सप्टेंबर १९८१

चि. हबीबला मावशीचे अनेक दुवा.

तू आता मोठा साहेब झालास, मावशी कशाला आठवेल! आंबट चेरीचा मुरंबा पाठवतेय. पूर्वी बरणीसुद्धा चाटूनपुसून ठेवायचास.

काम निघालंय, रागावू नकोस. माझ्या कावेहला धरून नेलं. तुमच्या सरकारविरुद्धचं वर्तमानपत्र विकत होता. अठरा वर्षांचं पोर, जीभ तेवढी लांब. शाहाच्या वेळी तू ज्या तुरुंगात होतास तिथंच आहे, आणि तिथं आता तुझा शब्द चालतो म्हणतात. तुझे धुतलेले कपडे घेऊन फाटकाशी मीच उभी असायचे ना? मळक्या सदऱ्याच्या डाव्या बाहीला तू गाठ मारून पाठवायचास, म्हणजे जिवंत आहेस. आपल्या दोघांचीच खूण. त्या गाठीची शपथ, पोराला सोडव. जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
इफ्फत मावशी

तेहरान, १९ सप्टेंबर

ती. मावशीस हबीबचा सलाम, वि. वि.

मुरंबा पोचला, चव तीच. कावेहला भेटलो. उद्धटपणा गेलेला नाही. मलाच विचारतो, तुझी कोठडी कोणती होती! मावशी, तेव्हा जुलूम होता, आता क्रांती राखायची आहे. चौकशी रीतसर होईल. तू फाटकाशी येऊ नकोस, कपडे माझ्या नावानं पाठव. माया आहे ती राहू दे.

तुझा,
हबीब

काशान, ३ ऑक्टोबर

चि. हबीबला दुवा.

नवा सदरा पाठवला, पण त्याचे मळके कपडे अजून आले नाहीत. शेजारच्या फरंगीसनं तुरुंगातल्या लेकीला पाठवलेले कपडे न घालताच परत आले, आणि पोर गेली हे ती समजली. मला घास गिळवत नाही रे. दोन ओळी लिही.

मावशी

तेहरान, ११ ऑक्टोबर

ती. मावशीस सलाम.

उगाच काळजी करतेस. कावेह ठणठणीत आहे. सोबत त्याचा सदरा आहे. मी त्याला आपली खूण शिकवली; बाही बघ आणि पोटभर जेव.

हबीब

काशान, १८ ऑक्टोबर

हबीब,

सदरा मिळाला. बाहीला गाठ आहे, पण कॉलरला मळाची रेघसुद्धा नाही. कावेहच्या अंगाचा वास मी ओळखते. ह्याला माझ्याच साबणाचा येतोय.

तुझ्या वेळचे शिपाई मला शिव्या द्यायचे, पण सदरा तुझाच द्यायचे. आपल्या दोघांची ही गाठ तूच मारलीस ना रे?

ती गाठ मी सोडलेली नाही. माझ्या पोराला कुठं पुरलंत, तेवढं कळव. दुवा लिहायला हात धजत नाही.

कावेहची आई