स्टेजवर खिळे मारू नयेत

६ जाने., मंगळ.
सकाळी परळच्या थेटरचा सेक्रेटरी प्रधान, त्याचा फोन. (यापुढे नुसता प्र.) सात वर्षं दुरुस्तीला बंद होतं, आता उघडतंय म्हणे. "भाऊ, जुने बॅकस्टेजवाले म्हणून तुमचा सत्कार करायचाय." म्हटलं शाली तीन आहेत घरात, कसर लागलीय. आधी स्टेज दाखव. तर म्हणे उद्घाटनालाच बघा, सरप्राइज. पस्तीस वर्षं त्या स्टेजवर सेट लावलेत मी. मला कसलं सरप्राइज?

८ जाने., गुरु.
गेलो तसाच, न विचारता. लालबागहून परळ चालत, गुडघा बोलला. वॉचमन नवीन. "कोण पाहिजे?" म्हटलं, स्टेज.
खुर्च्या चांगल्या. संडास तर फारच चांगले. मग स्टेजवर चढलो. लाकूड चकचकीत, तोंड दिसतं त्यात. बाजूला पाटी. स्टेजवर खिळे मारू नयेत.
झालं. संपलं थेटर.
अरे, सेट उभा कशावर राहतो? भिंतीचा फ्लॅट, म्हणजे नुसती लाकडी चौकट, त्याला मागून टेकूला तिरकी ब्रेस, ब्रेसला खाली खिळा. खिळा नाही तर भिंत नाही. दार आपटलं की आख्खं घर हिरोच्या अंगावर. नाटक कंपन्या येणारच नाहीत इथे. मग काय, ऑर्केस्ट्रा, सेमिनार, साखरपुडे.
जुन्या फळ्या कुठे, विचारलं. मिलमध्ये मशिनं यायची त्या पेट्यांच्या फळ्या. मिलच्याच खात्यातल्या लोकांनी रविवारी रविवारी खपून बसवलेल्या, बाबा त्यात होते. त्याच फळ्यांवर लुगडं नेसून काम पण केलं त्यांनी, मिशा काढून. वॉचमन म्हणाला, टेम्पोनं गेलं सगळं.
जेवलो नाही धड.

९ जाने., शुक्र.
प्र.ला फोन. "भाऊ, इम्पोर्टेड लाकूड आहे. त्याला काय भोकं पाडायची?" म्हटलं, हो. ठेवला फोन.
संध्याकाळी आर्किटेक्टचा. प्र.नंच करायला लावला. नेहा नाव, प्रभादेवीची, पोरगीच आहे. गोड बोलते. "काका, खिळ्यांऐवजी वजनं ठेवता येतील ना?" म्हटलं, सकाळचा प्रयोग ठाण्याला, दुपारचा इथे, तिसरा वाशीला. टेम्पोत सेट घालू की तुझी वजनं? तर म्हणाली, "सेट लागताना मी कधी बघितलंच नाही."
थेटर करायला घेतलं आणि... जाऊ दे. रविवारी दादरच्या थेटरला ये म्हटलं, सकाळी आठला. नट यायच्या आधी.

११ जाने., रवि.
आली. वेळेवर. पांढरे बूट. अकराचा प्रयोग होता. सेटवर बाळ्या. माझ्या हाताखाली शिकला, आता साठीचा, अजून मास्तर म्हणतो मला. ही मधेच उभी. ओरडला तिला, "बाय, बाजूक हो गे, पायात खिळो जायत!"
तासाभरात दोन खोल्या, जिना, खिडकी उभी. तिनं घड्याळ लावलेलं. प्रयोग संपला, वीस मिनिटांत सगळं टेम्पोत. रिकाम्या स्टेजवर बसली आणि हात फिरवला. भोकंच भोकं. "काका, हे मला कोणीच सांगितलं नाही." म्हटलं, कमिटीत सगळे पहिल्या रांगेत बसणारे, कोण सांगणार?
चांगली झापणार होतो तिला. नाही जमलं.

१७ जाने., शनि.
नेहाचा फोन. स्टेजचा मधला भाग उखडून साध्या फळ्या टाकायच्या. खराब झाली की तेवढीच बदलायची. पुढची कड चकचकीत राहू दे, प्र.ला फोटोला. कमिटीला पत्र दिलं तिनं, चूक माझी म्हणून लिहून. सून म्हणाली, "हल्ली असं कोण लिहितं, बाबा?" खरंय.
प्र. भडकलाय. पत्रिका छापून झाल्यात.

२१ जाने., बुध.
कमिटीला दाखवायचं म्हणून सगळ्यांना थेटरवर बोलावलं. नेहानं मधोमध आठ बाय चारचा तुकडा बसवून घेतला होता, साधं लाकूड. बाळ्यानं दाराचा एक फ्लॅट आणला. ब्रेस लावली, खिळा मी मारला. चार ठोके. पूर्वी दोन लागायचे. नेहाला म्हटलं, आपट दार. आपटलं. फ्लॅट जागचा हलला नाही.
मग तोच फ्लॅट चकचकीत लाकडावर, तिची वजनं ठेवून. परत आपटलं. सरळ प्र.च्या अंगावर! बाळ्यानं धरला म्हणून वाचला. कोणी हसेना. मग सगळेच हसले.
प्र.नं कोट काढून खुर्चीवर ठेवला. "भाऊ, हातोडी द्या इकडे." जन्म बँकेत गेलेला माणूस. साध्या लाकडावर पहिला खिळा वाकला. दुसरा उडाला. म्हटलं, दोन बोटांत धर रे, चावत नाही तो. तिसरा अर्धा गेला आत.
मीटिंग शुक्रवारी. सात जण आहेत, चार हात वर व्हायला हवेत. नेहानं मोजले, प्र.चा सोडून तीन नक्की. प्र.नं घाम पुसला, कोट घातला. बाळ्या तो अर्धा खिळा उपटायला वाकला तर म्हणाला, "राहू दे. शुक्रवारी येऊन मारतो."