चार सूर्यांचं दाताळं

याव्होर्ये, १४ एप्रिल १९८८

ती. मिलिसावदादास,
धाकट्या स्तामेनाचा सा. न. वि. वि.

ईस्टर झालं. वर्षभर घर राखणारं लाल अंडं देव्हाऱ्यात ठेवलं, गेल्या वर्षीचं काढलं. ते हलवलं तर आत खुळखुळत होतं. तू बांधलेल्या तीन मजल्यांचंही तसंच आहे. तळमजल्यावर मी, दुसऱ्यावर कांदे, तिसऱ्यावर मेंढ्यांची लोकर. मालक तिकडे ऑस्ट्रियात, लिंझला.

आता कामाचं. गवताच्या सावडीला पूर्वी अकरा बायका लाकडी दाताळी घेऊन यायच्या. गेल्या वर्षी तिघी होतो. एकीचा गुडघा गेलाय, दुसरीला कुरणाची कड दिसत नाही, तिसरी मी. कापणी शेजारचा ओब्रेन करून देतो, पण वाळलेलं गवत ओढून ओळी लावायच्या, गंज्या रचायच्या, हे एकटीचं काम नाही. वरच्या कुरणाचं गवत घरात आलं नाही तर सहा गायी हिवाळ्यात काय खातील? तुझी पत्रं?

पेन्शन सुरू झाली की कायमचा येतो, असं तू म्हणाला होतास. ती जानेवारीत सुरू झाली. संत पेत्राच्या सणापर्यंत, म्हणजे बारा जुलैपर्यंत, वाट बघते. आलास तर ठीक. नाहीतर गायी विकून, घराला कुलूप लावून, चुलतबहिणीकडे शहरात जाईन. किल्ली ओब्रेनकडे असेल.

लोभ आहे तेवढा पुरे, आता माणूस यावा.

तुझी,
स्तामेना


लिंझ, ३ मे १९८८

चि. स्तामेनास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझी अडचण नीट समजली आणि सोडवलीही आहे.

इथून जवळच एका शेतकऱ्याच्या कोठारात गवत ओढायचं जुनं दाताळं मिळालं. १९५७ सालचं. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन दांड्यांवर बसतं. तिरप्या ओळीत चार मोठी चाकं आहेत, कडेनं दात्यांची किरणं, अगदी चार सूर्य. त्यात ना गिअर, ना साखळी, ना पट्टा. जमिनीला टेकलं की चाक आपोआप फिरतं आणि गवत बाजूला सरकत सरकत ओळ लागते. म्हणजे बिघडायलाच काही नाही. हे मी पोलादाच्या भट्टीवर बावीस वर्षं काढलेला माणूस सांगतोय.

मी सगळं सुटं केलं, गंज काढला, दाते सरळ केले. रंगाची मूळ छटा मिळवायला तीन दुकानं पालथी घातली. गोरान म्हणतो की बाबांनी माझ्या लग्नातसुद्धा एवढी धावपळ केली नव्हती. काल जोडून झालं. आपल्याकडच्या उझिचेचा एक ट्रकवाला पुढच्या आठवड्यात आणून देईल.

आता सावड नको, बायका नकोत, आणि माझ्यासाठीही खोळंबायला नको. मी आलो असतो तरी यंत्राइतका उपयोगी नव्हतोच. गायी विकू नकोस.

पिवळ्या रंगाला ओरखडा येऊ देऊ नकोस. बाकी प्रकृतीस जप.

तुझा दादा,
मिलिसाव


याव्होर्ये, २३ मे १९८८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दाताळं उतरवून घेतलं. सुंदर आहे. ओब्रेन म्हणाला की असलं यंत्र राबवायचं नसतं, नामकरणाला बोलवायचं असतं.

बाबा गेले तेव्हा तू ट्रॅक्टर पाठवलास. आई गेली तेव्हा फ्रीझर. मी भाऊ मागितला तर हे आलं. मला काही झालं तर काय पाठवशील ते आत्ताच कळव, जागा करून ठेवते.

काल घरामागच्या गवतात ओढून पाहिलं. गवत ओळीत आलं नाही, माती मात्र भरपूर निघाली. दाते जमिनीत घुसतात. बिघडायला काही नाही असं तू लिहिलंस, म्हणून कळवते. यायला जमेल का?

तुझी,
स्तामेना


लिंझ, २ जून १९८८

चि. स्तामेनास,
अ. उ. आ.

चूक माझी. रंग वाळल्यावर चाकं बसवताना चारही उलट्या तोंडानं बसवली. दात्यांची वाकडी टोकं मागे ओढली जायला हवीत, ती पुढे तोंड करून बसली. सोबत आकृती आहे. चाक काढायचं, फिरवायचं, परत बसवायचं. त्यासाठी मी यायची गरज नाही, ओब्रेनला पाना धरता येतो.

दर दिवशी काम सुरू करण्याआधी चारही बेअरिंगना ग्रीस दे. चाकं जमिनीला नुसती टेकली पाहिजेत, दाबली जायला नकोत. स्प्रिंग त्यासाठीच आहे.

इथे सगळं ठीक. गोरानच्या घरी मला खिडकीजवळची खुर्ची दिली आहे.

तुझा,
मिलिसाव


याव्होर्ये, २० जून १९८८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आकृती मिळाली, छान काढली आहेस. पण आता दाते मोडायला लागले आहेत. सात मोडले. डावीकडून दुसरं चाक कुरकुरतं. स्प्रिंग कधी ओढते, कधी नाही, तिच्या मनावर आहे. मी बाई माणूस, मला यंत्रातलं काय कळणार. जाणता माणूस हवा.

सणाला तीन आठवडे उरले. लिहून ठेवते, विसरलास असं नको.

तुझी,
स्तामेना


लिंझ, २८ जून १९८८

चि. स्तामेनास,
अ. उ. आ.

बसवाल्याबरोबर वीस दाते, दोन बेअरिंग आणि नवी स्प्रिंग पाठवली आहे. दाते मिळवायला लिंझबाहेर पार वेल्स गावापर्यंत जावं लागलं. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराशी आता ओळख झाली आहे. मी आत शिरलो की तो बहिणीची खुशाली विचारतो.

सात दाते एकदम कसे मोडतात? दगड आहेत का? वरच्या कुरणात तर दगड नव्हते. आपणच लहानपणी वेचले होते.

कुरकुर कशी येते ते नीट लिही. सलग की थांबून थांबून? वाट बघतो.

तुझा,
मिलिसाव


याव्होर्ये, १३ जुलै १९८८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल संत पेत्राचा सण झाला. तू आला नाहीस. गवत कापून पडलं आहे, झ्लातार डोंगरावर ढग जमले आहेत. आणि अशात पट्टा तुटला. केवढा आवाज झाला! गायीसुद्धा बिचकल्या. पट्ट्याशिवाय यंत्र जागचं हलत नाही.

गुरांचा व्यापारी उद्या येतो म्हणालाय. हे पत्र तुला मिळेपर्यंत तो येऊन गेला असेल.

सध्या एवढंच.

तुझी,
स्तामेना


याव्होर्ये, १५ जुलै १९८८

मित्र मिलिसावास,
ओब्रेनचा स. न.

मी कधी पत्र लिहीत नाही, पण काम आहे. तू पाठवलंस तसलं दाताळं मला हवं आहे. तिथे आणखी एखादं मिळतं का बघ. रंग नसला तरी चालेल.

पहिल्याच दिवशी ते माती उकरायला लागलं तेव्हा स्तामेना खाली वाकली, दात्यांकडे बघितलं आणि म्हणाली की दादाची आठवण आली, दिसायला छान आणि दिशा उलटी. अर्ध्या तासात तिनं चारही चाकं फिरवून बसवली. तुझी आकृती नंतर आली. तेव्हापासून एक दाता मोडलेला नाही. काल तिनं अख्खं वरचं कुरण एका सकाळीत ओढलं. आम्ही गंज्या रचल्या, मग पाऊस आला. गावातल्या बायका कुंपणाला टेकून बघत होत्या. एक म्हणाली की असला नवरा मिळाला असता तर बरं झालं असतं.

तू पाठवलेले वीस दाते आम्ही धुरी द्यायच्या खोलीत मांस टांगायला लावले. फार उत्तम पोलाद. आणखी असतील तर पाठव.

व्यापारी अजून आलेला नाही. त्याला कोणी बोलावलंय असं मला तरी वाटत नाही.

तुझा,
ओब्रेन


लिंझ, २४ जुलै १९८८

चि. स्तामेनास,
अ. उ. आ.

तुझं आणि ओब्रेनचं पत्र एकाच दिवशी मिळालं. तुझं आधी उघडलं, आणि पट्ट्याचं वाचून ओब्रेनचं तसंच खिशात ठेवून वेल्सला गेलो.

दुकानदाराकडे चार सूर्यांच्या दाताळ्याचा पट्टा मागितला. तो म्हणाला की त्या यंत्राला पट्टा नसतो. मी म्हणालो की मला माहीत आहे. त्यानं विचारलं की मग हवाय कोणाला. मी म्हणालो, बहिणीला. त्यानं लांबी विचारली. ती मला सांगता येईना, म्हणून होता त्यातला सगळ्यात लांब घेतला.

परतीच्या गाडीत ओब्रेनचं वाचलं. रागावलो नाही. तुला खरं सांगतो, पेन्शन सुरू झाल्यापासून इथे मला कोणी काही दुरुस्त करायला सांगितलेलं नाही. गोरानकडे नळ गळला तरी माणूस बोलावतात. तुझ्याकडे यंत्र आलं की माझी गरज संपेल, मग न आल्याची बोचणीही संपेल, असं वाटलं होतं. यंत्र चांगलं निघालं ही माझी अडचण झाली. तू मोडलेले दाते लिहीत होतीस तेव्हा मी बरा होतो.

पट्टा टपालानं पाठवण्यासारखा नाही. दहा ऑगस्टला घेऊन येतो. माझ्या खोलीची किल्ली गोरानला दिली आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. गोरानला सांगितलंय की काम मोठं आहे, यंत्राला पट्टा बसवायचा आहे. त्याला यंत्रातलं काही कळत नाही.

व्यापाऱ्याला माझा नमस्कार सांग, भेटला तर.

तुझा दादा,
मिलिसाव


याव्होर्ये, १ ऑगस्ट १९८८

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पट्टा अवश्य आण. नवी कालवड फार ओढते, तिला बांधायला होईल.

दाताळं पुसून ठेवलंय. दोन ओरखडे आहेत, ते तुझे तू बघ. दुसऱ्यांदा गवत कापू तेव्हा ट्रॅक्टरवर तू बसायचं. मी कुंपणाला टेकून बघेन आणि काय चुकतंय ते सांगेन.

तिसऱ्या मजल्यावरची लोकर खाली आणली, खिडक्या उघडल्या. कांदे मात्र दुसऱ्यावरच राहतील. ते तुझ्या आधीपासून तिथे राहतात.

तुझी,
स्तामेना